ओकिना पुसला आणि बेटाचा व्हरांडा झाला : हवाइ‘इतल्या जागांची नावं आणि सरकारी नकाशे

नकाशेवाली:

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, आणि तोही स्वतःच्या चुकीवर.

पुण्यात बसून परदेशी नकाशांची झाडलोट करणं हे माझं पोटापाण्याचं काम. कुणीतरी जागांच्या नावांचा भलामोठा तक्ता पाठवतं. त्यातल्या दुबार नोंदी काढायच्या, अक्षांश-रेखांश जुळवायचे, रकान्यांतला कचरा साफ करायचा. गेल्या महिन्यात हवाइ‘इचा तक्ता आला. टेकड्या, ओढे, भूशिरं, जुने मत्स्यतलाव. नावांच्या मध्ये जिथे तिथे उलट्या स्वल्पविरामासारखं काहीतरी आणि स्वरांच्या डोक्यावर आडव्या रेघा. आमच्या धंद्यात असलं काही दिसलं की ती बहुतेक वेळा फाइल इकडून तिकडे जाताना झालेली मोडतोड असते. मी दोन ओळींची आज्ञा लिहिली, सगळी चिन्हं उडवली, चहा प्यायले आणि फाइल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या बाईंचा निरोप आला. रागावलेल्या नव्हत्या. एवढंच लिहिलं होतं, "तुम्ही आमच्या एका बेटाचा व्हरांडा केलात."

लाना‘इ हे बेटाचं नाव. लानाइ म्हणजे घराचा व्हरांडा. दोघांत फरक फक्त त्या उलट्या स्वल्पविरामाचा, आणि तो स्वल्पविराम नाहीच. त्याला ओकिना म्हणतात, तो व्यंजन आहे. घसा क्षणभर बंद करून उघडायचा, की झाला ओकिना. आपण तोंड न उघडता "अं‘अं" असं म्हणून नकार देतो ना, त्यात मधे जो अटकाव येतो, तोच. डोक्यावरच्या रेघेचं नाव कहाको, ती स्वर लांबवते. हवाइयन वर्णमाला सगळी मिळून १३ अक्षरांची, ५ स्वर आणि ८ व्यंजनं. इतकी कमी अक्षरं असली की प्रत्येकाच्या अंगावर काम जास्त पडतं.

बाईंनी मग चार शब्द पाठवले. देवनागरीत लिहिले तर आपल्याला लगेच कळतात, म्हणून इथे देते. पउ म्हणजे संपलं. प‘उ म्हणजे काजळी. प‘ऊ म्हणजे ओलसर. पा‘ऊ म्हणजे घागरा. माझ्या साफ केलेल्या तक्त्यात हे चारही शब्द एकच झाले असते. (देवनागरीला ऱ्हस्व-दीर्घ घरचं आहे म्हणून अ, इ, उ निभावतात. ए आणि ओ मात्र आपणही एकाच मापाचे लिहितो, तिथे आपलीही पंचाईत.)

आता सरकारी बाजू. अमेरिकेत नकाशावरच्या नावांचा शेवटचा शब्द असतो १८९० मध्ये नेमलेल्या यू.एस. बोर्ड ऑन जिऑग्राफिक नेम्सचा. हवाइ‘इ राज्याने १९७४ मध्ये स्वतःचं नाव-मंडळ कायद्याने स्थापन केलं. त्यात जमीन आणि निसर्गसंपत्ती खातं आहे, विद्यापीठ आहे, बिशप म्युझियम आहे, ऑफिस ऑफ हवाइयन अफेअर्स आहे, राज्याचा भूमापक आहे. हे मंडळ नावं तपासतं, ओकिना आणि कहाको कुठे हवेत ते ठरवतं आणि निर्णय वर पाठवतं. पूर्वी छापलेल्या नकाशांवर ही चिन्हं जवळपास नसायचीच. पत्रकांमागून पत्रकं घेऊन ती नावानावाने तपासत बसण्याचं काम गेली पंचवीसेक वर्षं चालू आहे. २००० साली तर अमेरिकी काँग्रेसने निव्वळ चिन्हांसाठी कायदा केला, आणि हलेअकला, पु‘उहोनुआ ओ होनाउनाउ अशा राष्ट्रीय उद्यानांची नावं कागदोपत्री दुरुस्त झाली.

माझा तक्ता मी परत दुरुस्त करतेय. पण करता करता एक गोष्ट डोक्यात घोळतेय. चिन्ह कुठे लावायचं हे कुणाला विचारायचं? पुस्तकाला? मंडळाला? तिथे राहणाऱ्या माणसाला? आणि तिघांनी तीन उत्तरं दिली तर?

इथे हवाइ‘इत राहणारं कुणी असेल तर जरूर लिहा.


खडूसकाका:

लेख रोचक. पण मला एक कळत नाही. दोनशे वर्षं जग हवाई म्हणतंय, विमानं बरोबर उतरतायत, पत्रं पोचतायत. एका टिंबासाठी खाती, मंडळं, काँग्रेसचा कायदा? नकाशा वाट सापडण्यासाठी असतो. शुद्धलेखनाची वही नव्हे ती. (दिवे घ्या.)


अंजू_के:

काका, तुमच्या पाटीवर कुणी कुलकर्णीचा कुलकरणी केला तर तुम्ही सोसायटीची मीटिंग बोलावता, हे आम्ही याच साइटवर वाचलंय :)


जुनीवही:

खडूसकाका, दोनशे वर्षांचा हिशेब काढायचाच तर पहिल्या पानापासून काढू.

कॅप्टन कुक १७७८ मध्ये तिथे पोचला तेव्हा त्याने बेटांना आपल्या आश्रयदात्याच्या नावावरून सँडविच आयलंड्स म्हटलं, आणि लोकांकडून ऐकलेली नावं कानाला येतील तशी लिहिली. मोठ्या बेटाचं नाव त्याच्या वहीत 'ओव्हायही' असं आहे. गंमत म्हणजे पहिला 'ओ' नावाचा भागच नाही. "हे काय आहे?" असं विचारल्यावर "ओ हवाइ‘इ" असं उत्तर मिळालं, म्हणजे "हे हवाइ‘इ". आपल्याकडे कुणी "हे पुणं" म्हणावं आणि साहेबाने 'हेपुणा' टिपून घ्यावं, तसं. ते चुकीचं स्पेलिंग आजही जिवंत आहे, फक्त हवाइ‘इत नाही. १८१९ च्या सुमारास फरच्या व्यापारासाठी गेलेले काही हवाइयन लोक आजच्या आयडाहोच्या डोंगराळ भागात बेपत्ता झाले. त्यांच्यावरून तिथल्या नदीला आणि पुढे काउंटीला 'ओवायही' नाव पडलं. मुलुखाचं नाव सुधारलं, परक्या वाळवंटात हरवलेल्यांचं तेवढं जुन्या रूपात राहिलं.

पण मुद्दा वेगळाच आहे. नकाशे म्हणजे गोऱ्यांनी लादलेली गोष्ट असा आपला सरसकट समज असतो. हवाइ‘इत पहिला पद्धतशीर सर्व्हे अमेरिकेने केलेला नाही, तो तेव्हाच्या हवाइयन राजांच्या राज्याने स्वतः केला. १८४८ च्या 'माहेले'त जमिनीची वाटणी झाली. राजा, सरदार आणि सरकार यांचे हिस्से पडले, पण पडले ते नावांनी. अमुक नावाचा अहुपुआ‘आ अमक्याचा. अहुपुआ‘आ म्हणजे साधारण डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत उतरत जाणारी पट्टी, ज्यात वरचं लाकूड, मधली शेती आणि खालची मासळी असं सगळं येतं. मोजणी नव्हती, हद्दी माणसांच्या डोक्यात. म्हणून १८६२ मध्ये सीमा आयोग आला. आयोगापुढे कोण साक्ष देणार? त्या जागेचे 'कम‘आइना', म्हणजे तिथेच वाढलेले लोक. कुणी पक्षी धरायचा, कुणी मासे मारायचा, कुणाचे वडील तिथल्या राखणदारांपैकी. हद्द इथून या दगडाकडे, तिथून त्या पाणवठ्याकडे, मग अमुक झाडापर्यंत, आणि दगडाला नाव, पाणवठ्यालाही नाव. ह्या साक्षी लिहून ठेवलेल्या आहेत आणि आजही नावाचा वाद निघाला की त्याच उघडतात. १८७० मध्ये राज्याचं सर्व्हे खातं सुरू झालं, डब्ल्यू. डी. अलेक्झांडर त्याचे प्रमुख होते, आणि त्यांच्या नकाशांत अशी नावं खच्चून भरली.

आपल्याकडे वतनाच्या भांडणात गोत सभा बसायची, शिवेवरून चालत जाऊन दगड दाखवायचे, तो कागद ज्यांनी वाचलाय त्यांना हे फार ओळखीचं वाटेल.

मग १८९३ मध्ये राणी लिलि‘उओकलानीला गादीवरून काढलं. १८९६ मध्ये शाळांचं माध्यम इंग्रजी करणारा कायदा झाला. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेत. पुढच्या दोन पिढ्यांत नाव सांगणारा आणि नाव लिहिणारा यांच्या भाषा वेगळ्या झाल्या. काका, टिंब तिथे हरवलं.


खडूसकाका:

माहिती मान्य. तरी मूळ प्रश्न तसाच. सर्व्हेच्या त्या जुन्या नकाशांत तरी ओकिना होता का?


जुनीवही:

बहुतेक नव्हता. प्रश्न बरोबर पकडलात. भाषावेडा येतीलच, त्यांच्यासाठी सोडतो.


सखी_होनोलुलूकर:

मी इथे आहे! नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं होनोलुलूत. मानोआ खोऱ्याच्या तोंडाशी घर, रोज दुपारी चारला पाऊस. त्या पावसालाही नाव आहे बरं का, तुआहिने. हिलोच्या पावसाचं नाव कनिलेहुआ. कोहालाच्या वाऱ्याचं नाव ‘अपा‘अपा‘आ. आपल्याकडे मृगाचा, हत्तीचा पाऊस असतो, पण तो नक्षत्राचा. इथला पाऊस गावाचा. ही नावं कुठल्या नकाशात लिहायची, याचं उत्तर कुठल्याच मंडळाकडे नसेल.

पहिल्या महिन्यात मी शेजारच्या अंकलना विचारलं, "लाइकलाइक हायवेला कसं जायचं?" (इथे वडीलधाऱ्यांना ओळख नसली तरी अंकल-आंटीच म्हणतात, त्यामुळे मला फार परकं वाटलं नाही.) ते मनसोक्त हसले. म्हणाले, लिकेलिके. राजकन्येचं नाव आहे, फेसबुकचं बटण नाही. तेव्हापासून मी पाट्या मोठ्याने वाचत जाते. पाट्यांवर ओकिना कधी असतो, कधी नसतो. एकाच रस्त्याच्या एका चौकात आहे, पुढच्या चौकात नाही, कारण पाटी जुनी.

होनोलुलूत नव्या रस्त्याला हवाइयन नावच द्यायचं असा नियम आहे. ऐकायला छान. पण त्यात मेख अशी की बिल्डर शब्दकोश उघडतो, समुद्र, वारा, फूल असले गोड शब्द जुळवतो आणि पाटी ठोकतो. त्या उताराचं आधीचं नाव काय होतं हे कुणी विचारत नाही. सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 'हवाई काइ'. काइ म्हणजे समुद्र, त्यामुळे नाव अगदी इथलंच वाटतं. प्रत्यक्षात ती १९६० च्या दशकात हेन्री कायझर या उद्योगपतीने वसवलेली वसाहत, काइमध्ये त्याचं आडनावही आलं. त्याखाली गेला कुआपा हा प्रचंड मत्स्यतलाव, आणि त्या भागाचं नाव माउनालुआ. इंग्रजी नाव निदान ओळखू तरी येतं की बाहेरचं आहे. हवाइयन वेशात आलेलं नाव पकडायला म्हातारी माणसं लागतात.

आता नकाशेवालीताईंना एक गुंता देते. डायमंड हेड. खलाशांना खडकात चकाकणारे स्फटिक दिसले, हिरे वाटले, म्हणून डायमंड हेड. मूळ नाव ले‘अहि. ज्वालामुखीची देवी पेले, तिची बहीण हि‘इआका हिला त्या डोंगराच्या कपाळाचा आकार ‘अहि माशासारखा वाटला, अशी कथा. नाव परत आणा, म्हणणारे पुष्कळ, आणि मीही त्यांच्यातच. पण इथे रोजच्या बोलण्यात पूर्व-पश्चिम कुणी म्हणत नाही. डोंगराकडे ते माउका, समुद्राकडे ते माकाइ, एका बाजूला ‘एवा आणि दुसऱ्या बाजूला... डायमंड हेड! "दुकानाच्या डायमंड हेड बाजूला पार्किंग आहे" हे माझे अंकलच म्हणतात, ज्यांच्या पाच पिढ्या इथल्या. त्यांना मी विचारलं तर म्हणाले, "डोंगर ले‘अहि आहे. दिशा डायमंड हेड आहे." मी पुढे बोललेच नाही.


नकाशेवाली:

सखी, हे सोनं आहे. माझ्या तक्त्यात 'पर्यायी नाव' असा एकच रकाना आहे. दिशेचा रकाना कुठून आणू :)


दगडधोंडे:

भूगर्भवाला असल्यामुळे माझ्याकडून ज्वालामुखीचा वाटा.

३ जानेवारी १९८३ ला कीलाउएआ ज्वालामुखीच्या पूर्वेकडच्या भेगांच्या पट्ट्यात उद्रेक सुरू झाला आणि एक नवी टेकडी उभी राहू लागली. नवी टेकडी म्हणजे नकाशावर नाव नाही. शास्त्रज्ञांनी जागा पाहिली तर छापील नकाशावर तिथे '१९६५ चा लाव्हा प्रवाह' अशी इंग्रजी अक्षरं होती आणि मुख नेमकं त्यातल्या 'ओ' वर येत होतं. म्हणून टेकडीला 'ओ' म्हणायला लागले. निव्वळ छपाईचा योगायोग. पुढे कालापाना गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं, त्यांनी नाव दिलं पु‘उ ‘ओ‘ओ. पु‘उ म्हणजे टेकडी, ‘ओ‘ओ हा पिवळ्या पिसांचा, आता नामशेष झालेला पक्षी. कुणी ‘ओ‘ओ म्हणजे जमीन उकरायची काठी असाही अर्थ लावतात. 'ओ' या अक्षराचा ‘ओ‘ओ होणं, यात त्या म्हाताऱ्यांची थोडी थट्टाही असावी असं मला आपलं वाटतं. त्याच उद्रेकाने १९९० मध्ये कालापाना गिळलं. नाव देणाऱ्यांचं गाव गेलं, टेकडीला दिलेलं नाव पुढे २०१८ पर्यंत रोज बातम्यांत होतं.

२०१८ ला पायथ्याकडे वस्तीत जमीन फाटली. एकामागून एक भेगा उघडल्या तसे त्यांना आकडे दिले, त्यातली आठव्या नंबरची सगळ्यात मोठी निघाली. सुमारे ७०० घरं गेली. लोक तिला 'फिशर एट' म्हणत राहिले. राज्याच्या नाव-मंडळाने लोकांकडून नावं मागवली, सुनावण्या झाल्या आणि २०२१ मध्ये नाव ठरलं अहु‘आइला‘आउ. ‘आइला‘आउ हा पेलेच्याही आधीचा ज्वालामुखीचा देव, शब्दशः 'रान खाणारा'. अहु म्हणजे त्याची वेदी. आकड्याने ओळखली जाणारी भेग आणि रान खाणाऱ्याची वेदी, शेतीवाडी गमावलेल्या माणसाला कुठलं नाव जवळचं वाटेल ते सांगायला नको. खरं सांगायचं तर काहींना आकडाच बरा वाटत होता. त्यांच्या आठवणीत तोच होता.

त्याच उद्रेकात कापोहोची खाडी लाव्ह्याने भरून गेली आणि 'का वाइ ओ पेले', म्हणजे पेलेचं पाणी, हे तळं काही तासांत वाफ होऊन संपलं. नकाशेवाल्यांपुढे प्रश्न असा की पाणी नाही, मग नाव ठेवायचं की काढायचं? माझं मत, ठेवायचं. पुढचा माणूस घर बांधायला येईल तेव्हा त्याला कळलं पाहिजे की इथे पाणी होतं आणि ते कुणाचं होतं.


कोडमोडक:

नकाशेवाली, तुमची चूक आमच्या जमातीची जुनी चूक आहे. ओकिनाच्या जागी लोक साधा अपॉस्ट्रॉफी टंकतात. अपॉस्ट्रॉफी डेटाबेसच्या आज्ञेत घुसला की ओळ तिथेच तुटते, म्हणून कुणीतरी कधीतरी 'सगळे काढून टाका' असं लिहून ठेवतो आणि ती आज्ञा वारसाहक्काने चालत राहते. युनिकोडने, म्हणजे जगभरच्या अक्षरांना संगणकात क्रमांक देणाऱ्या यादीने, ओकिनासाठी शून्य-दोन-बी-बी ही जागा दिलेली आहे, विरामचिन्ह म्हणून नाही तर अक्षर म्हणून. ती वापरली तर शब्द मधेच तुटत नाही आणि आज्ञाही मोडत नाही. दाखवायचा एक रकाना ठेवा आणि शोधायचा दुसरा, चिन्हं काढलेला. साधं हवाई टंकणाऱ्यालाही बेट सापडलं पाहिजे. खडूसकाकांची विमानं या दुसऱ्या रकान्यावर उतरतील.

अवांतर: अमेरिकेच्या त्या बोर्डाला अपॉस्ट्रॉफीचं मुळातच वावडं आहे. मालकी दाखवणारा अपॉस्ट्रॉफी नावात ठेवायला त्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांत देशभरात फक्त पाच जागांना परवानगी दिली, त्यात मार्थाज व्हिनयार्ड एक. अशा बोर्डाला 'हा अपॉस्ट्रॉफी नाही, हे व्यंजन आहे' हे पटवणं म्हणजे काय दिव्य असेल विचार करा.

आणखी एक. १९५९ च्या ज्या कायद्याने हे राज्य संघात आलं त्यात राज्याचं नाव ओकिनाशिवाय आहे. म्हणजे आत सगळ्या टेकड्यांना ओकिना मिळेल आणि दारावरची पाटी मात्र तशीच.


भाषावेडा:

बोलावणं आलंय तर लिहितो, पण माझं लिहिणं काहींना रुचणार नाही.

हवाइयन लिपी मिशनऱ्यांनी बसवली. पहिलं छापील पान १८२२ चं. तेव्हा ट आणि क, र आणि ल, ब आणि प, व्ह आणि व अशी अक्षरं आलटूनपालटून वापरली जात, कारण लोक दोन्ही उच्चार करत. १८२६ मध्ये मिशनऱ्यांनी मतं घेऊन एकेक अक्षर ठेवलं आणि जोडीदार काढून टाकले. त्यामुळे जुन्या प्रवाशांच्या वह्यांत होनोलुलूचं नाव र घेऊनही दिसतं. नि‘इहाउ बेटावर 'क'च्या जागी 'ट' आजही ऐकू येतो. म्हणजे पहिलं प्रमाणीकरण चिन्हांचं नव्हतं, अक्षरांचं होतं, आणि त्यात अर्ध्या तोंडांचा उच्चार कागदावरून गेला. त्याविषयी कुणी रडत नाही, कारण त्यातूनच वाचनाची लाट आली. १८३४ ते १९४८ या काळात शंभरावर हवाइयन भाषेतली वर्तमानपत्रं निघाली. त्यांत ओकिना-कहाको जवळपास नाहीत. वाचणाऱ्याला शब्द माहीत होता, त्याला चिन्ह नको होतं. चिन्हाची गरज पडली ती भाषा घरातून गेल्यावर.

म्हणून आज एखाद्या नावावर चिन्ह लावायचं तर जुना कागद पुरत नाही, कान लागतो. मेरी कावेना पुकुइ या बाईंचं ऋण इथे मान्य केलंच पाहिजे. १८९५ चा जन्म, आजीकडे हवाइयनमध्ये वाढलेल्या. बिशप म्युझियमसाठी त्यांनी बेटाबेटांवर जाऊन वृद्धांची बोलणी टेपवर घेतली. १९५७ चा शब्दकोश आणि नंतरचा स्थळनामांचा कोश, दोन्हींत त्यांचा हात. आज मंडळ ज्या चिन्हांवर शिक्का मारतं त्यातली कितीतरी त्या टेपांमुळे आहेत.

आता न रुचणारा भाग. लाहाइनाच घ्या, तेच माउइवरचं गाव जे ऑगस्ट २०२३ मध्ये आगीत गेलं. कोशात नोंद आहे की पूर्वी पहिला आणि शेवटचा स्वर लांबवून म्हणत, आणि त्याचा अर्थ 'निर्दय सूर्य', तिथल्या अवर्षणामुळे. पण गावातले कित्येक लोक पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही स्वर आखूडच म्हणतात. नकाशावर रेघा दिल्या की 'मूळ' जपलं जातं आणि हयात माणसाचा उच्चार चुकीचा ठरतो. मोलोका‘इचं तसंच. काही जुन्या घराण्यांतले लोक तिथे ओकिना नाहीच म्हणतात. बाहेरून शिकून आलेला तरुण आजोबांची चूक काढतो, असले प्रसंग घडतात. नि‘इहाउचे लोक, ज्यांच्या घरात ही भाषा कधीच खंडित झाली नाही, ते तर चिन्हांशिवायच लिहितात. त्यांना गरज नाही.

आणि माउना केआ की माउनाकेआ? जोडून लिहिलं तर ते त्या एका पर्वताचं विशेषनाम, तोडून लिहिलं तर कुठलाही पांढरा डोंगर, असं जोडून लिहिणाऱ्यांचं म्हणणं. विद्यापीठ जोडतं, अमेरिकी भूगर्भ खात्याचे नकाशे तोडतात. डोंगर एक, दोन्ही बाजूंना शिकलेली माणसं.


खडूसकाका:

भाषावेडा, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे निघालात की!


भाषावेडा:

नाही काका. तुम्ही म्हणता फरक पडत नाही. मी म्हणतो इतका फरक पडतो की घाईने ठरवू नये.


अंजू_के:

अवांतर माफ करा, पण लोणावळ्याचं 'लोनावला' आणि परळचं 'परेल' रोज स्टेशनवर वाचणाऱ्या माणसाला ओकिना समजायला दोन मिनिटंही लागत नाहीत. आपला ळ रोमनमध्ये गेला की ल होऊन परत येतो. शीवचं तर विचारूच नका, सायन म्हणून गेलं ते परत आलंच नाही.


जुनीवही:

धागा मुंबईला नेऊ नका, तिथून परत येणार नाही :) पण हवाइ‘इतलं एक परत आलेलं उदाहरण देतो. होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओ‘आहुच्या नैर्ऋत्य टोकाला १७९६ मध्ये हेन्री बार्बर नावाच्या कप्तानाने जहाज खडकावर घातलं. एवढ्या कर्तबगारीवर त्या टोकाचं नाव 'बार्बर्स पॉइंट' पडलं आणि तिथे पुढे नौदलाचा विमानतळही त्याच नावाने झाला. १९९९ मध्ये तळ बंद झाला, जमीन राज्याकडे आली आणि जुनं नाव परत आलं, कलाएलोआ. अर्थ एवढाच, लांब भूशीर. लोक सवयीने दोन्ही म्हणतात. पलीकडच्या किनाऱ्याजवळ मोकोलि‘इ नावाचा लहानसा खडकाळ बेट-तुकडा आहे, हि‘इआकाने मारलेल्या महासरड्याची शेपटी. त्याला इंग्रजीत 'चायनामन्स हॅट' म्हणत आले. तिथे मूळ नाव आणायला कुणाचा फार विरोध होऊ नये, तरी सवय चिवट असते.


सखी_होनोलुलूकर:

माझी मुलगी मोकोलि‘इच म्हणते, शाळेत तसंच शिकवतात. मीच अधूनमधून चुकते आणि ती मला बसमध्ये सगळ्यांसमोर सुधारते.


नकाशेवाली:

सगळ्यांचे आभार. कोडमोडक, दोन रकान्यांचा सल्ला मानला. काल रात्री मूळ फाइल परत घेऊन पहिल्यापासून बसले. शून्य-दोन-बी-बी सगळीकडे. दगडधोंडे, कापोहोच्या तळ्याची नोंद ठेवली आहे, शेजारी 'ऐतिहासिक' असा शेरा.

भाषावेडांचं वाचल्यावर मात्र हात आखडला. मंडळाच्या यादीत जे ठरलंय ते सरळ घेतलं. पण यादीत नसलेली अकरा नावं उरली, सगळी बारीकसारीक. एक ओढा, दोन खडक, किनाऱ्यावरच्या काही जागा. त्यातल्या काहींना चिन्ह कुठे बसेल ते शब्दकोशावरून मला लावता आलं असतं. लावलंही होतं. एका खडकाच्या नावाचे तर दोन अर्थ निघत होते, ओकिना दिला तर एक, न दिला तर दुसरा, आणि दोन्ही तिथे शोभण्यासारखे. मग सगळी पुसली आणि तिकडच्या बाईंना ती अकरा नावं पाठवून विचारलं, काय करू.

उत्तर आत्ता आलंय. "आठ माझ्या मावशीला माहीत होती, सोबत जोडली आहेत. उरलेली तीन साधीच राहू द्या. त्या किनाऱ्यावर जाळं टाकणारे एक अंकल आहेत, त्यांना विचारायला हवं. ते हवा बदलल्याशिवाय घरी येत नाहीत."


अंजू_के:

मग काय, लानाइत बसून वाट बघा. ओकिनाशिवायच्या.